पहिला आकडा

बाय,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "सर, स्नॅचचा पहिला आकडा 80 देऊ? सगळे तेच म्हणतात." परदेशातली पहिली वेटलिफ्टिंगची स्पर्धा, झोप कुठली लागणार तुला. मग मलाही लागली नाही.

80 किलो देऊ नकोस. 75 दे. स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर, संधी तीनच, आणि पहिला आकडा म्हणजे पहिल्या संधीचं वजन.

तू आजवर जास्तीत जास्त 81 उचललंस. तेही दोनदाच, म्हापशाच्या आपल्या हॉलमध्ये. त्या बारचा गंज पावसाळाभर तूच तारेच्या ब्रशने काढतेस, त्यामुळे त्याची खरखर तुझ्या तळव्याला पाठ आहे. तिथला बार परका असेल, मंच परका, पुकारणाऱ्याचा उच्चारही परका. पहिली उचल झोपेतून उठून जमली पाहिजे.

तुला 80 का हवंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, त्याला आधी मंचावर जावं लागतं. बाकीच्या मुली आत मांड्या चोळत बसणार आणि तुझं नाव सगळ्यांच्या आधी पुकारलं जाणार, याची लाज वाटते ना? मी त्या लाजेपायीच मेलो. सरावात 115 कसंबसं दोनदा वर गेलं होतं आणि परदेशात जाऊन मी पहिलाच आकडा 115 दिला. पहिल्यांदा बार पुढे पडला, दुसऱ्यांदा मागे. तिसऱ्यांदा डोक्यावर गेला, पण कोपर थरथरलं आणि तिन्ही पंचांचे लाल दिवे लागले. बारवर चढलेलं वजन कुणासाठी उतरवत नाहीत. एकूण वजन म्हणजे स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) यांतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज; एकात शून्य, तर बेरीजच नाही. निकालपत्रकात त्या जागी माझ्या नावापुढे नुसती रेघ. दाबोळी विमानतळावर काका झेंडूचा हार घेऊन आले होते. तो पिशवीतून त्यांनी काढलाच नाही. म्हापशापर्यंत टॅक्सीत त्याचा वास येत होता.

मीराबाई चानूचं बघ. 2016 ला रिओत क्लीन अँड जर्कच्या तिन्ही उचली फसल्या, तिच्याही नावापुढे एकूण वजन लागलं नाही. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला तिने त्याच प्रकारात 119 किलोचा विश्वविक्रम केला. तीन महिन्यांनी टोकियोत पहिला आकडा किती दिला? 110. स्वतःच्याच विक्रमाच्या 9 किलो खाली! मग 115, आणि एकूण 202 वर रौप्य. पॅरिसला 2024 मध्ये 111 ची पहिली उचल फसली. तेच वजन दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, म्हणजे एक प्रयत्न गेला. ती 199 वर राहिली, कांस्य 200 वर गेलं.

आता तू म्हणशील, "सर, पण मग एकेक किलो महत्त्वाचा." आहे ना! तो तिसऱ्या उचलीत माग. पहिलीत नाही. किती वेळा सांगू?

त्या रेघेनंतर नऊ वर्षं मी एकही पहिली उचल फसू दिली नाही. लोक म्हणतात, सर भित्रे झाले, म्हणून मोठं पदक नाही. म्हणू देत. खांदा गेलेल्या माणसाने आकडे कशाच्या जोरावर वाढवायचे? दरवेळी एकूण वजन लागलं, त्यावर नोकरी टिकली, त्या पगारातून हा हॉल उभा राहिला. आता हे तुला कशाला सांगत बसलोय!

वजनगटाचं बघ. चतुर्थीच्या नेवऱ्या यंदा नाहीत, आईशी मी बोलतो. कुणी दिलेली पावडर तोंडात टाकायची नाही. यावर चर्चा नाही.

आणि 75 हलकं दिसतं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. पंधराचा बार, प्लेटी अडकवणारे अडीच-अडीचचे कॉलर, दोन्ही बाजूंना पंचवीसची एकेक लाल प्लेट आणि बाहेर अडीचची. 80 करायला ती अडीचची काढून पाचची लावायची, बस्स. लांबून फरक कळतसुद्धा नाही. तो फक्त बारलाच कळतो आणि तुझ्या कोपराला.

रविवारी पहाटे साडेपाचला हॉलवर ये. चहा न घेता, अंथरुणातून उठून थेट. मी 75 लावून ठेवतो. थोडं अंग गरम करायचं आणि उचलायचं. तीनदा. एकदा जरी पडलं, तर 73 देऊ.

तुझा,
सर