वाचकांचे प्रश्न : सरोवराकाठच्या हिकोनेला जावे का?

प्रश्न : येत्या एप्रिलमध्ये आम्ही चौघे जपानला जाणार असून आमचा मुक्काम क्योतो येथे आहे. तेथून बिवा सरोवराकाठी असलेल्या हिकोने या जुन्या किल्ल्याच्या गावी जावे, असे मुलाचे म्हणणे आहे. साल्हेर आणि रामशेज चढलेल्या आम्हा नाशिककरांना हा किल्ला किरकोळ तर वाटणार नाही ना? सोबत सत्तरी ओलांडलेली आई असेल. तिचे गुडघे दुखतात. शिवाय आम्ही सर्व शाकाहारी आहोत. – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : अवश्य जावे, आणि त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. क्योतोहून जलद लोकल गाडीने, कोठेही गाडी न बदलता, सुमारे ५० मिनिटांत हिकोने येते आणि स्टेशनापासून किल्ला पायी पाऊण कोसाच्याही आत आहे. उंचीच्या हिशेबाने पाहिले, तर साल्हेरपुढे तो लहानच आहे. टेकडी जेमतेम ५० मीटरांची आणि माथ्यावरचा मुख्य बुरूज तीन मजल्यांचा. परंतु आपले गडकोट कातळाच्या आणि कड्यांच्या आधाराने उभे राहिले, तर येथे सपाटीतल्या छोट्या टेकडीवर, पाण्याच्या आणि लाकडाच्या आधाराने संरक्षण रचलेले आहे. त्यामुळे उंचीची तुलना बाजूला ठेवून ही रचना समजून घेत फिरावे, असे मला मनापासून वाटते.

१६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर हा मुलूख, पुढे जपानचे शोगुन म्हणजे लष्करी राज्यकर्ते झालेल्या तोकुगावांच्या बाजूने लढलेल्या ई या सरदार घराण्याकडे आला. किल्ल्याचे काम त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू झाले आणि १६२२ साली पुरे झाले. खंदकाच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर पाइन वृक्षांची रांग लागते. मूळची ४७ झाडे मुद्दाम अशा जातीची निवडली होती, की त्यांची मुळे जमिनीवर उचलून येत नाहीत आणि घोडे अडखळत नाहीत. पुढे वर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांची उंची व रुंदी एकसारखी नाही. चढून येणाऱ्या शत्रूची चाल मोडावी, हा त्यामागचा हेतू सांगतात. त्यानंतर येतो तराजूच्या आकाराचा ‘तेन्बिन’ बुरूज. त्याच्यासमोरचा लाकडी पूल हल्ला झाल्यास पाडून टाकता येईल, अशा बेताने बांधलेला आहे. या बुरुजाखालच्या भिंती नीट न्याहाळाव्यात : एका बाजूस मूळची जुनी दगडरचना आहे आणि दुसऱ्या बाजूस १८५४ च्या सुमाराच्या दुरुस्तीतील, तिरप्या दगडांची निराळी बांधणी आहे. घाईतले प्रवासी पुलावरून थेट पुढे निघून जातात आणि ही भिंत पाहायची राहून जाते.

मुख्य बुरूज मूळचाच असून तो १९५२ पासून राष्ट्रीय ठेवा आहे. सम्राट मेइजींच्या काळात, १८७८ साली, तो पाडण्याचे ठरले होते. त्यांच्या दौऱ्यामुळे तो वाचला. आत जोडे काढून हातात घ्यावे लागतात, आणि जिने ६० अंशांहूनही अधिक उभे आहेत. आईंनी ते चढू नयेत. वाकडे ओंडके तसेच वापरून केलेले वरचे छप्पर आपण पाहून यावे. आईंना पायथ्याच्या गेन्क्यूएन उद्यानात बसवावे. १६७७ साली केलेल्या या बागेतल्या तळ्याच्या काठावरून वरचा बुरूज दिसतो. चार पावले चालून सगळे पाहता येते.

इतिहासाची आवड असल्यास याच घराण्यातील ई नाओसुके यांचे साधे घर चुकवू नये. चौदावा मुलगा असल्याने वारसाहक्काची आशा नसलेले हे गृहस्थ १७ व्या वर्षापासून ३२ व्या वर्षापर्यंत तेथे राहिले, आणि पुढे १८५८ साली शोगुनचे सर्वोच्च मंत्री झाले. अमेरिकेशी व्यापारी करार करण्याचे धाडस त्यांचेच; १८६० साली एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्याच्या दाराशी त्यांची हत्या झाली.

आता सरोवराविषयी. किल्ल्याच्या उत्तरेला पूर्वी बिवाला जोडलेले उथळ पाणी होते. विसाव्या शतकात तेथे शेतीसाठी भराव घालण्यात आला. त्यामुळे आज टेकडीवरून सरोवर थोडे दूर सरकल्यासारखे दिसते, तरीही बुरुजाच्या वरच्या मजल्यावरून पाण्याचा पट्टा स्पष्ट दिसतो. दिवस हाताशी असेल, तर हिकोने बंदरातून सुमारे ४० मिनिटांत चिकुबु बेटावर बोटीने जाता येते. तेथील होगोन्जी मंदिरातील बेन्झाइतेन ही देवी म्हणजे मुळात आपली सरस्वती होय. धक्क्यापासून मंदिरापर्यंत १६५ पायऱ्या आहेत, म्हणून आईंनी तेथेही खालीच थांबावे. बोटीच्या फेऱ्या मोजक्याच असतात. आधी त्यांची वेळ पाहून मग किल्ल्याचा कार्यक्रम आखावा.

एप्रिलचा पहिला पंधरवडा मिळाला, तर खंदकाकाठचा चेरीचा बहर पाहायला मिळेल. मात्र गर्दी मोठी असते. जेवणाबाबत इतकेच, की साध्या दिसणाऱ्या सारातही माशांचा अर्क असतो आणि या भागाची ख्याती गोमांसासाठी आहे. क्योतोहून डबा करून घ्यावा, आणि सोबतीला घरचा चिवडा व दशम्या ठेवाव्यात.