मायएसक्यूएल मधूनच बंद पडतंय: रॅम वाढवायच्या आधी कर्नलचा लॉग नीट वाचा

दादा, तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. सांगलीत मार्केट यार्डात अडतीचं दुकान, भाड्याचा २ जीबी रॅमचा उबुंटू सर्व्हर, त्यावर टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये बिलिंग, खाली मायएसक्यूएल डेटाबेस आणि सौद्यांवरून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाचे हिशोब) बनवणारी पायथनची स्क्रिप्ट. एरवी बिनबोभाट चालायचं, हळदीचा हंगाम तापला तसं संध्याकाळी मायएसक्यूएल मधूनच बंद पडायला लागलं, रीस्टार्ट केलं की दोन दिवस बरं, परत तेच. एरर लॉगमध्ये काही नाही आणि सर्व्हर देणारा म्हणतोय ४ जीबीचा प्लॅन घ्या. घ्यायचा तर घ्या, पण आत्ता लगेच नको, कारण तुम्ही कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, जो लॉग टाकलाय त्यातच उत्तर आहे आणि दुखणं तसंच ठेवलं तर ४ जीबीवर पण हेच होणार, फक्त थोडं उशिरा.

एरर लॉग कोरा का, ते आधी. लिनक्सवर मेमरी खरंच संपली की कर्नलचा ओओएम किलर (आऊट ऑफ मेमरी, मेमरी संपली की मारणारा भाग) एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, निवडतो आणि तिला सिगकिल म्हणजे ९ नंबरचा सिग्नल देतो. हा सिग्नल प्रोग्रामला अडवता येत नाही, शेवटची एक ओळ लिहायला पण सवड मिळत नाही, त्यामुळे मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये शटडाऊनची नोंदच नसते, थेट पुढच्या स्टार्टचं क्रॅश रिकव्हरी दिसतं. टर्मिनलवर नुसतं ‘किल्ड’ येतं ते पण शेल लिहितं, प्रोग्राम नाही. एक्झिट कोड १३७ दिसला तर तो १२८ अधिक ९, म्हणजे हाच प्रकार. १३९ असता तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामचा स्वतःचा बग, १४३ असता तर कुणीतरी रीतसर थांबवलंय. म्हणून असं काही झालं की पहिला प्रश्न ‘का मेलं’ हा नाही, ‘कुणी मारलं’ हा विचारायचा, आणि त्याचं उत्तर डीमेसेज -टी (टी कॅपिटल) किंवा जर्नलसीटीएल -के मध्ये असतं. मशीन रीबूट झालेलं असेल तर जर्नलसीटीएलला -बी -१ पण द्या, नाहीतर आधीच्या बूटचं काहीच दिसणार नाही.

आता तुमचा लॉग. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. वरची ओळ म्हणते ‘पायथन३ इन्व्होक्ड ओओएम-किलर’. याचा अर्थ एवढाच की मेमरी संपली त्या क्षणी मागायला पायथन पुढे होता. खालची ओळ म्हणते ‘किल्ड प्रोसेस’ मायएसक्यूएलडी. तो बळी गेला, कारण कर्नल साधारण सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला उचलतो, त्याची चूक आहे का नाही हे तो बघत नाही. आणि खरा दोषी कोण ते या दोन्ही ओळींच्या मध्ये जो तक्ता आहे त्यात शोधावं लागतं.

तक्ता वाचताना तुमचा एक घोटाळा झालाय. तुम्ही लिहिलंय की मायएसक्यूएलचा आरएसएस (प्रत्यक्ष रॅममध्ये धरलेली मेमरी) २ लाख २१ हजार केबी म्हणजे सव्वादोनशे एमबीसुद्धा नाही, मग त्यालाच का मारलं. तर त्या तक्त्यातला आरएसएसचा कॉलम केबीमध्ये नसतो, तो पानांमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठराविक तुकड्यांमध्ये, असतो आणि एक पान ४ केबीचं. २ लाख २१ हजार गुणिले ४ म्हणजे ८ लाख ८४ हजार केबी, साधारण ८६० एमबी. खात्री करायची तर शेवटच्या ‘किल्ड प्रोसेस’ ओळीतला अ‍ॅनॉन-आरएसएस बघा, तो केबीमध्ये असतो आणि तो पण तेवढ्याच घरात आहे. असंच जावाचं ९८ हजार म्हणजे ३ लाख ९२ हजार केबी. आणि आता पायथन बघा, एक नाही, चार ओळी आहेत! प्रत्येकी ३१ हजारांच्या आसपास, चौघांचे मिळून जवळजवळ ५ लाख केबी. बेरीज करा, पावणेदोन जीबीच्या जवळपास इथेच गेली, वर कर्नल आणि बाकीचं किडूकमिडूक, आणि स्वॅप (रॅम संपली की डिस्कवर वापरायची जागा) शून्य.

चार पायथन कुठून आले? तुमच्याच क्रॉनटॅबमध्ये (ठरावीक वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनची यादी) पट्टीची स्क्रिप्ट दर १० मिनिटांनी लावलीय. एरवी सौदे कमी, काम दोनचार मिनिटांत उरकत असणार. हंगामात दिवसभराचे सौदे संध्याकाळी एकदम भरले जातात, एका फेरीला १० मिनिटं पुरत नाहीत, आणि क्रॉन काही आधीची फेरी संपलीय का ते बघत नाही, तो दुसरी सुरू करतो, मग तिसरी, आणि सगळ्या एकाच डेटाबेसला झोंबतात म्हणून प्रत्येक फेरी अजून मंदावते. माझ्या मते मूळ दुखणं हे आहे. इलाज एका ओळीचा आहे, क्रॉनच्या ओळीत पायथनच्या आधी एफलॉक -एन आणि एका लॉक फाईलचा पाथ लिहा, आधीची फेरी चालू असेल तर नवीन गपचूप परत जाईल.

आता रीस्टार्टनंतर दोन दिवस बरं का चालतं, हे समजून घेण्यासारखं आहे. लिनक्स मेमरी मागितली की बहुतेक वेळा ‘हो’ म्हणतो, पण प्रत्यक्ष पान त्या जागेत पहिल्यांदा लिहिताना देतो. आपल्या अडतीतल्या उचलीसारखंच आहे, दहा शेतकऱ्यांना शब्द दिलेला असतो आणि सगळे एकाच दिवशी न्यायला येणार नाहीत या भरवशावर गल्ला चालतो, आले की पंचाईत. तुमच्या कॉन्फिगमध्ये इनोडीबी बफर पूल, म्हणजे मायएसक्यूएल टेबलचा डेटा रॅममध्ये धरतं ती जागा, १ जीबी आहे. डिफॉल्ट १२८ एमबी असतो, म्हणजे कुणीतरी मुद्दाम वाढवलाय, बहुधा ‘रॅमच्या ७०-८० टक्के द्या’ हे कुठेतरी वाचून, पण तो सल्ला फक्त डेटाबेसच चालणाऱ्या मशीनसाठी असतो. तो १ जीबी पहिल्या दिवशी भरत नाही, जसजसे टेबल वाचले जातात तसा फुगतो. इथे तो ५१२ एमबी करा. टॉमकॅटला पण एक्सएमएक्स (जावाच्या हीपची, म्हणजे त्याच्या मुख्य मेमरीची, कमाल मर्यादा) स्वतः ठरवून द्या, नाहीतर जावा रॅमच्या चौथ्या हिश्शापर्यंत हीप वाढवू शकतं, आणि हीपच्या बाहेर थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस अशी जावाची बाकीची मेमरी वेगळीच.

२ जीबीची स्वॅप फाईल पण करा की, फॅलोकेटने फाईल, परवानगी ६००, मग एमकेस्वॅप, स्वॅपऑन आणि एफएसटॅबमध्ये नोंद. स्वॅपने मूळ दुखणं जात नाही पण अचानक मरण्याऐवजी मशीन आधी जड होतं आणि तुम्हाला बघायला वेळ मिळतो. फ्री -एच बघताना ‘फ्री’ कॉलम कमी दिसला म्हणून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’ बघायचा, उरलेली रॅम कर्नल फाईल कॅशला वापरतो आणि लागली की सोडतो.

मायएसक्यूएलला वाचवायचं असेल तर सिस्टमसीटीएल एडिटने त्याच्या सर्व्हिसमध्ये ओओएमस्कोरअ‍ॅडजस्ट -५०० टाका (आकडा जितका कमी तितकी मारलं जाण्याची शक्यता कमी), आणि स्क्रिप्ट चूम कमांडमधून +५०० देऊन चालवा, म्हणजे वेळ आलीच तर स्क्रिप्ट जाईल, ती परत चालवता येते. फक्त -१००० देऊ नका, मग कर्नल त्याला हातच लावत नाही आणि मायएसक्यूएलच फुगलं असेल तर बाकीची सगळी एकेक करून मारली जातात.

आणि एक गोष्ट मला यात सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, ती तुम्ही विचारलेली नाही. तुमचे टेबल इनोडीबी या साठवणीच्या इंजिनचे असतील आणि सेटिंग डिफॉल्ट असेल तर कमिट झालेलं, म्हणजे पक्कं नोंदवलेलं, अशा मरणातून पण वाचतं. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं टेबल मायआयसॅमचं राहिलेलं असतं आणि ते बिघडू शकतं, शो टेबल स्टेटसमध्ये इंजिनचा कॉलम बघून घ्या. शिवाय स्क्रिप्ट एक पट्टी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (लिहिलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) लिहिते का ओळ-ओळ कमिट करते ते तपासा. ओळ-ओळ असेल तर ज्या ज्या संध्याकाळी मायएसक्यूएल पडलं त्या दिवशीच्या पट्ट्यांमध्ये हमाली-तोलाई लागलीय आणि एखादं पोतं राहिलंय असं होऊ शकतं. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेल्या मालाची पट्टी आहे ती, त्या तारखांच्या पट्ट्या सौद्याच्या वहीशी एकदा हाताने जुळवाच.

आधी एफलॉक आणि बफर पूल एवढंच करून आठवडाभर बघा, क्रॉनमधून दर मिनिटाला पीएस (चालू प्रोसेसची यादी), आरएसएसप्रमाणे लावून, एका फाईलला जोडत ठेवा. एवढं करून परत पडलं तर ‘इन्व्होक्ड’पासून ‘किल्ड प्रोसेस’पर्यंतचा अख्खा लॉग, मधलं काही न कापता, आणि त्या फाईलच्या आधीच्या अर्ध्या तासाच्या नोंदी टाका. आणि लॉगमध्ये ओओएमची ओळच नसली तर जर्नलमध्ये सिस्टमडी-ओओएमडी शोधा, उबुंटू २२.०४ पासून डेस्कटॉपवर तो चालू असतो आणि मेमरीचा ताण वाढला की कर्नलच्या आधीच मारतो.