संगणकावरच्या बेसबॉल लीगमध्ये जखमी यादीतला खेळाडू प्लेऑफला उतरवता येतो का?

हो भाऊ, प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, उतरवता येतो. तुम्ही लिहिलं की यवतमाळकडच्या तुमच्या गावातल्या पोट्ट्यांच्या लीगमध्ये तुमचा पिचर (चेंडू टाकणारा) जुलैपासून ६० दिवसांच्या जखमी यादीत आहे, आता बरा झालाय, आणि समोरचा संघ हरकत घेतोय. लीगच्या नियमात यावर काही लिहिलंच नसेल, तर अमेरिकेतल्या मेजर लीगची, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगची, पद्धत धरा. तिथं अट दुखापतीची नाही, तारखेची आहे. ३१ ऑगस्टला खेळाडू त्या संघाचा असला पाहिजे, संघाच्या ४० जणांच्या मुख्य यादीत किंवा ६० दिवसांच्या जखमी यादीत. तुमचा पिचर यात बसतो.

२०१६ मध्ये शिकागो कब्ज संघाच्या काइल श्वार्बरचा गुडघा एप्रिलमध्येच गेला. उरलेला अख्खा हंगाम बाहेर, प्लेऑफच्या आधीच्या फेऱ्यांतही नाही, आणि थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, उतरून बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या १७ संधींत ७ हिट. कब्ज १०८ वर्षांनी जिंकले. असा खेळाडू कागदावर अडवणं मला अन्यायच वाटतो.

एक मात्र जपा. प्रत्येक फेरीआधी २६ जणांची यादी पक्की होते. चालू फेरीत दुखापतीमुळे कोणाला बदललं, तर बाहेर काढलेला खेळाडू त्या फेरीतून जातोच, पुढच्या फेरीलाही मुकतो. पिचरच्या जागी पिचरच घेता येतो. म्हणून घाईनं बदली करू नका.

हरकतवाल्यांना घेऊन आजच तुमची लीग चालवणाऱ्या कमिशनरकडे बसा आणि पहिल्या सामन्याआधी निर्णय लिहून घ्या.