नाशिक: आईच्या खांद्याचा रोटेटर कफ (सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांचे बंध) फाटून संधिवात झालाय म्हणतात, लगेच ऑपरेशन करावं का?
लगेच नको, आधी खांद्याचा साधा एक्स-रे नीट बघून घ्या, कारण कफ फाटून बरीच वर्षं गेली की दंडाच्या हाडाचा गोळा वर सरकतो आणि त्याच्या आणि वरच्या हाडाच्या मधली फट ७ मिमीपेक्षा कमी दिसते, निदान बऱ्याचदा तेवढ्यावरच होतं. मी कॉलेज रोडला फिजिओथेरपी करते, असे खांदे नेहमी बघते. काही महिने डेल्टॉइडचे, म्हणजे खांद्यावरच्या मोठ्या स्नायूचे व्यायाम, शेक, गरज पडली तर स्टिरॉइडचं इंजेक्शन. तरीही रात्र रात्र झोप नसेल, वेणी घालायला हात वर जात नसेल तर रिव्हर्स सांधेबदल, त्यात गोळा आणि वाटीची अदलाबदल करतात म्हणजे कफचं काम डेल्टॉइड करतो, साधा कृत्रिम सांधा बसवू नका, कफ नसला की त्याची वाटी सैल होते. फक्त डेल्टॉइडची नस चांगली पाहिजे, ते आधी तपासून घ्याच.