पहिल्या बाळंतपणात चौथ्या डिग्रीची जखम. आता सिझर मागू का?

पत्र: माझं पहिलं बाळंतपण अडीच वर्षांपूर्वी माहेरच्या गावी झालं. चिमटा लावून बाळ काढलं, वजन ३.८ किलो. नंतर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेऊन टाके घातले. डिस्चार्ज कार्डावर ‘फोर्थ डिग्री टेअर’ लिहिलंय. आता पुन्हा दिवस गेलेत, सतरावा आठवडा आहे. ‘नॉर्मल’ शब्द ऐकला तरी हातपाय गार पडतात. डॉक्टर म्हणतात, दुसरं सोपं जातं. सासूबाई म्हणतात, पहिलं नॉर्मल झालंय तर पोट कशाला फाडायचं? एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. गॅस आवरत नाही, आणि शौचाची घाई झाली की कधी कधी कपडे खराब होतात. केवळ भीतीपोटी सिझर मागणं चूक आहे का?

उत्तर: तुमच्याकडे केवळ भीती नाही. जे तुम्ही लपवून ठेवलंय, नेमकं त्यावरच तुमच्या बाळंतपणाचा निर्णय ठरतो. तुमच्या डॉक्टरांना ते माहीतच नसेल, तर त्यांनी ‘दुसरं सोपं जातं’ म्हणणं स्वाभाविक आहे.

आधी जखमेचं. पहिल्या डिग्रीत फक्त कातडी फाटते, दुसऱ्या डिग्रीत योनी आणि गुदद्वार यांच्या मधले स्नायू. तिसऱ्या डिग्रीत गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू फाटतो आणि चौथ्या डिग्रीत त्याच्या आतलं अस्तरही. हा गोल स्नायू दुहेरी असतो. बाहेरचा भाग आपण मनाने आवळतो. तो कमजोर झाला की घाई लागल्यावर थांबता येत नाही. आतला आपोआप मिटलेला असतो; तो बिघडला की नकळत डाग पडतात. पहिलटकरीण, चिमटा, मोठं बाळ ही तिन्ही या जखमेची ठरलेली कारणं आहेत. तुमच्या कळा देण्यात काही चुकलं असं कुणी म्हणालं असेल तर ते सोडून द्या.

ओटीत नीट टाके घातल्यावर ६० ते ८० टक्के बायकांना वर्षभराने काही त्रास उरत नाही. तुम्हाला अडीच वर्षांनंतरही आहे. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते, की अशी जखम झालेल्या स्त्रीला अजून त्रास असेल किंवा तपासणीत स्नायूत दोष दिसला, तर ठरवून सिझर करण्याच्या पर्यायावर तिच्याशी बोलायला हवं. अमेरिकेच्या कॉलेजची २०१८ ची मार्गदर्शिकाही हेच म्हणते, आणि मानसिक धक्का हेसुद्धा सिझर देऊ करण्याचं कारण मानते. म्हणजे तुमची भीतीही धरली जाते. पण ओपीडीत बसल्यावर पहिलं वाक्य भीतीचं नको, लक्षणाचं असू द्या.

‘दुसरं सोपं जातं’ हे अर्धं खरं आहे. दुसऱ्या वेळी कळा कमी वेळ चालतात, आणि पुन्हा तशीच मोठी जखम होण्याचं प्रमाण शंभरात ५ ते ७ एवढंच आहे. त्रास न उरलेल्या बाईला हा आकडा पुरेसा धीर देतो, आणि तिने नॉर्मलचा विचार जरूर करावा. तुमचा प्रश्न वेगळा आहे. नव्याने फाटलं नाही तरी, अशी जखम झालेल्या साधारण पाचातल्या एकीचा शौचाचा त्रास दुसऱ्या नॉर्मल बाळंतपणानंतर वाढतो, विशेषतः पहिल्या वेळी नियंत्रण गेलेलं असेल तर.

आता कामाला लागा. पहिलं काम माहेरच्या हॉस्पिटलचं. डिस्चार्ज कार्ड पुरेसं नाही. ऑपरेशन नोट मागा. त्यात कोणता स्नायू किती फाटला आणि कसा शिवला हे असतं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मात्र ते जपून ठेवण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे, म्हणून हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरं काम तपासणीचं. गुदद्वाराच्या आतून करायची सोनोग्राफी (एंडोअ‍ॅनल) स्नायूतली फट दाखवते आणि मॅनोमेट्री त्याचा जोर मोजते. दोन्हींत क्ष-किरण नसतात, गरोदरपणी करता येतात. सगळीकडे होत नाहीत. मोठ्या शहरातल्या कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदद्वाराच्या) सर्जनकडे किंवा पोटविकार विभागात विचारा. आणि हो, तिथे पाठवताना कुणी ‘मूळव्याध असेल’ म्हणालं तर जखमेचा कागद पुढे करा. तपासणी जमली नाही तरी तुमची लक्षणं स्वतःच पुरेसं कारण आहेत.

तिसरं, डॉक्टरांशी बोलणं. वेगळी वेळ मागा. रांगेतल्या तीन मिनिटांत हे होत नाही. तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहून पुढे ठेवा: “मागच्या वेळी चौथ्या डिग्रीची जखम. गॅस रोखता येत नाही. घाईत महिन्यातून इतक्या वेळा कपडे खराब होतात. बाळंतपणाच्या आठवणीने झोप उडते. मला ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर ठरवून सिझर हवंय.” मग विचारा, “तुमचा विरोध असेल तर कारण फाइलमध्ये लिहाल का?” डॉक्टर नाही म्हणू शकतात, त्यांना भाग पाडता येत नाही. पण मग दुसरं मत घ्यायला तुमच्याकडे अजून चार महिने आहेत. सरकारी रुग्णालयात नाव घातलं असेल तर मेडिकल कॉलेजला पाठवायची चिठ्ठी मागा. तिथेही सिझर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत होतं. खासगीत जाणार असाल तर विमा कंपनीला आधी विचारा, आणि अ‍ॅडमिशनच्या कागदावर ‘रुग्णाची इच्छा’ एवढंच न लिहिता जखम आणि लक्षणं लिहायला सांगा.

सिझर फुकटात पडत नाही, हेही बघा. रक्तस्राव, जखमेत पू, पायात गुठळी, क्वचित मूत्राशयाला इजा. सर्वांत गंभीर धोका पुढच्या गरोदरपणाचा: वार (प्लॅसेंटा) खाली किंवा जुन्या व्रणात रुतून बसू शकते, आणि प्रत्येक सिझरनंतर ही शक्यता वाढते. तिसरं मूल हवं असेल तर हे आत्ताच बोला. शिवाय सिझरने आजचा त्रास बरा होणार नाही, तो वाढण्यापासून तेवढा वाचेल. गरोदरपणाचाही भार त्या स्नायूंवर पडतोच. म्हणून आजपासून व्यायाम: गॅस रोखल्यासारखं आवळायचं, थांबायचं, सोडायचं, एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून तीनदा. सिझरनंतरही चालू ठेवा.

तारखेबद्दल घरात मुहूर्ताचा विषय निघेल. ३९ आठवडे भरल्यानंतरचा कुठलाही मुहूर्त चालेल. सदतिसाव्या आठवड्यातला नाही. ३९ च्या आधी ठरवून काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. तोवर हिमोग्लोबिन वाढवून ठेवा. भूल बहुधा मणक्यातली असते, तुम्ही जाग्या असाल; आदल्या जेवणानंतर सहा तास पोट रिकामं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत.

एक गोष्ट बहुतेकजणी विचारायच्या विसरतात: तारखेआधीच कळा सुरू झाल्या तर? दहातल्या एकीच्या बाबतीत तसं होतं, आणि दुसऱ्या खेपेला कळा वेगाने पुढे सरकतात. ‘कळा आल्यास तातडीचं सिझर’ हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पहिल्या कळेला काही न खाता निघा. पोहोचेपर्यंत बाळ फार खाली आलेलं असेल तर सिझरच धोक्याचं ठरतं. तेव्हासाठी दुसरी योजना आत्ताच ठरवा: डोकं बाहेर येताना खाली गरम पाण्याच्या घड्या आणि हाताचा आधार, कापायची वेळ आली तर तिरपा छेद, मधोमध नाही. आणि अशी जखम शिवायचा अनुभव असलेले डॉक्टर हजर हवेत.

घरच्यांचं. संमतीपत्रावरची निर्णायक सही तुमची असते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय, की शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या बदली आईची संमतीही चालत नाही. सासूबाईंना सगळा तपशील देण्याची गरज नाही. “मागची जखम मोठी होती, डॉक्टरांनी सिझर सांगितलंय” एवढं पुरे. नवऱ्याला मात्र सांगा, पुढच्या भेटीच्या आधी. सिझरनंतरचे सहा आठवडे अडीच वर्षांच्या पोराला उचलून घेणं त्याच्याकडे येणार आहे.

रात्री तेच ते डोळ्यांपुढे येत असेल, दवाखान्याच्या वासानेही धडधडत असेल, तर त्यावर उपचार आहेत आणि ते गरोदरपणीही घेता येतात. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.