गाठ काढल्यावर रेडिएशन घ्यावं, की गोळीवर भागेल?

तुमच्या आईंचं वय ६८, स्तन ठेवून नुसती कॅन्सरची गाठ काढलीय, काख स्वच्छ आलीय, म्हणजे तिथल्या ग्रंथींत कॅन्सर सापडलेला नाही. साताऱ्याचे डॉक्टर रेडिएशन घ्याच म्हणतात, पुण्याचे म्हणतात हार्मोनच्या गोळीवर भागेल. कुणाचं ऐकायचं, असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही. सांगलीत राहते, आणि सासूबाईंचे उपचार मिरजेला चालू असताना आमच्या घरातही हाच खल झाला होता.

दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्याला आधार आहे. स्तन ठेवून ऑपरेशन झालेल्या दहा हजारांवर बायकांचा एकत्रित हिशेब २०११ साली आला. दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय ३५ टक्के, रेडिएशन घेतल्यावर १९च्या आसपास. पन्नाशीतल्या बाईनं यावर वाद घालूच नये.

पुण्याचे डॉक्टर बहुधा ‘प्राइम-२’ या अभ्यासावरून बोलत असावेत. वय ६५च्या पुढे, गाठ ३ सेंटीमीटरपर्यंत, काख स्वच्छ, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी, गोळीला दाद देणारी गाठ), अशाच बायका त्यात होत्या. दहा वर्षांत त्याच स्तनात पुन्हा गाठ आली ती रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना, घेतलेल्यांपैकी ०.९ टक्क्यांना. जगण्यात मात्र फरक नाही, दोन्हीकडे सुमारे ८१ टक्के हयात.

पण त्या सगळ्यांना हार्मोनची गोळी सुरू होती, आणि ती पाच वर्षं घ्यायची असते. जिथे गोळीत खंड पडला, तिथे गाठ उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आमचा निर्णय इथेच झाला. सासूबाईंची बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून डबीतच राहते, आणि द्राक्षाची छाटणी सुरू झाली की जेवणाचीही शुद्ध नसते. त्यात हार्मोनच्या गोळीनं सांधे धरतात. गुडघे आधीच कुरकुरणारे. त्यांना रेडिएशन दिलं. गोळीही आहेच, अधूनमधून भांडून.

रेडिएशनचा फार बाऊ करू नका. साधारण १५ बैठका, तीन आठवडे, शनिवार-रविवारी सुट्टी. मशीनखाली काही मिनिटं, दुखत नाही. ब्रिटनमध्ये तर २०२० पासून बऱ्याच जणींना पाचच बैठका देतात. खरा त्रास वेगळाच होता. हात डोक्यावर धरून पडायचं आणि काखेच्या टाक्यांमुळे तो वर जाईना. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम डॉक्टरांना विचारून आत्तापासूनच सुरू करा. स्तनाखालच्या घडीतली कातडी काळी पडून सोलते, तेव्हा सैल सुती पोलकंच बरं. गाठ डावीकडची असेल तर हृदय वाचवायला श्वास रोखून रेडिएशन देता येईल का, हेही विचारा. खर्चाचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, महात्मा फुले योजनेत बसू शकतं.

आता गाठीचा रिपोर्ट काढून ईआरचा, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनच्या रिसेप्टरचा, आकडा बघा. तो कमी असेल तर नुसत्या गोळीवर विसंबू नका. भरपूर असेल, काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ (कॅन्सर नसलेल्या) असतील आणि आई औषधाला पक्क्या असतील, तर पुण्याच्या डॉक्टरांचं ऐकायला माझी हरकत नाही.