पाखंडी म्हणजे ढोंगी नव्हे

दांडिया बाजारातल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: सासरे देव मानत नाहीत. ‘असेल किंवा नसेल, मला ठाऊक नाही’ असं सरळ सांगतात. गणपतीत मखराच्या दिव्यांच्या माळा स्वतः जोडून देतात, पण आरती सुरू झाली की बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. नणंद त्यांना ‘पाखंडी’ म्हणते. हे बरोबर का? आणि ‘नास्तिक’ व ‘पाखंडी’ एकच का?

‘नास्तिक’ कुठल्याही कोशात नीट सापडेल. ‘पाखंडी’चे हाल मात्र बघवत नाहीत. बडोद्यात आपल्या कानावर दिवसभर गुजराती-हिंदी पडतं. तिथे भक्तांना लुबाडणारा बुवा पाखंडी आणि गंध लावून मापात पाप करणाराही पाखंडी. तोच अर्थ आता आपल्या घरांत शिरला आहे. अहो, त्यासाठी मराठीत भोंदू, ढोंगी, दांभिक असे खणखणीत शब्द आहेत! संतवाङ्मयातला पाखंडी वेदबाह्य मत मांडणारा असतो. त्याचं मत पटो न पटो, तो ते उघड बोलतो.

आता व्युत्पत्ती. ‘पा’ म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंड, असं जुने टीकाकार सांगतात आणि कीर्तनांतही तेच ऐकू येतं. ही ओढूनताणून जुळवलेली गोष्ट आहे. मूळ शब्दात ‘ख’च नाही, तिथे ‘खंडन’ येणार कुठून? मूळ रूप ‘पाषण्ड’. ‘ष’चा ‘ख’ मागाहून झाला, जसं ‘विष’चं विख, विखार आणि ‘भाषा’ची भाक.

खरी मौज आपल्याच गुजरातेत, जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी आहे. तिथल्या शिळेवर अशोकाचे 14 लेख आहेत. त्यातला बारावा सांगतो, की राजा ‘सव पासंडानि’, म्हणजे सगळ्याच पासंडांचा आदर करतो. पासंड म्हणजे पंथ, बस्स. शिवी नाही, ढोंग नाही. दुसऱ्याच्या पंथाबद्दल जीभ आवरावी, यासाठी तिथे ‘वचिगुती’ असा सुंदर शब्द आहे. कलिंगाचा राजा खारवेल तर ओडिशातल्या हाथीगुंफेच्या लेखात स्वतःला ‘सवपासंडपूजक’ म्हणवून मिरवतो.

अशोकाचा हाच बारावा लेख वायव्येला, आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीत, एका वेगळ्या शिळेवर खरोष्ठी लिपीत कोरलेला आहे. तिथे शब्द आहे ‘प्रषंड’. तो ‘र’ पाहिला की मला आनंद आवरत नाही! ‘परिषद्’पासून ‘पार्षद’, म्हणजे सभेतला, मंडळीतला. त्याच्याच प्राकृत रूपातून हा शब्द आला असं काही अभ्यासक म्हणतात, आणि त्या ‘र’मुळे मला ते पुरतं पटतं.

मग ढोंगाचा डाग लागला कुठे? माझं मत स्पष्ट आहे: शेजारामुळे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात (श्लोक 30) ज्यांचा शब्दानेही सत्कार करू नये त्यांची यादी आहे. पाषण्डी, विकर्मस्थ (निषिद्ध कामं करणारे), बैडालव्रतिक, शठ (लबाड), हैतुक, बकवृत्ती. बैडालव्रतिक म्हणजे मांजरासारखं व्रत करणारे आणि बकवृत्ती म्हणजे बगळ्यासारखे ध्यान लावणारे, हे खरे ढोंगी. त्यांना तिथे स्वतंत्र नावं आहेत, म्हणजे पाषण्डी वेगळाच. पण शतकानुशतकं एका पंगतीत बसवल्यावर बगळ्याचं पाप त्याच्या माथी आलं. कुठे अशोकाची वचिगुती आणि कुठे हे ‘वाङ्मात्रेणापि नार्चयेत्’!

तेव्हा ताई, नणंदबाईंना सांगा, जो माणूस पटत नसताना हात जोडत नाही, त्याला ढोंगी या अर्थाने पाखंडी म्हणणं म्हणजे शब्द उलटा धरणं आहे. आगरकरांनी देवाधर्मावर प्रश्न विचारले, त्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, आणि 1895मध्ये जाईपर्यंत साधेपणाने, सचोटीने राहिले. त्यांच्यात ढोंग शोधूनही सापडणार नाही.

मग सासऱ्यांना म्हणावं काय? ‘अज्ञेयवादी’, म्हणजे देव आहे की नाही ते कळत नाही असं म्हणणारा, हा शब्द अचूक आहे, पण तो पाठ्यपुस्तकातून उठून बोलण्यात कधी आलाच नाही. मी म्हणेन, मनूच्या त्याच यादीतला ‘हैतुक’ उचला. टीकाकारांनी त्याला वेदविरोधी तर्कटी ठरवलं, पण हेतूला धरून चालणारा, कारण विचारणारा, एवढाच त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.